आलेले डोळे आणि आणलेले डोळे

कारखान्यात माझं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. तोंडावर सगळे 'सिस्टरजी' म्हणायचे आणि पाठ वळली की 'दरोगाइन'. दरोगा म्हणजे आमच्याकडचा फौजदार. हे नाव माझ्या कानावर आलं तेव्हा खरं तर राग यायला हवा होता. पण मला ते आवडलं होतं. कशामुळे पडलं ते आधी सांगते, मग त्या नावाची लाज कधी वाटायला लागली तेही सांगेन.

काशीत बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आमच्या चार पिढ्या गेल्या. घरातले पुरुष पूजापाठ सांगणारे, नाहीतर शाळेत संस्कृत शिकवणारे. नर्सिंग शिकून शहराबाहेरच्या ओतकामाच्या कारखान्यात नोकरीला जाणारी मी घरातली पहिली. कारखान्याचा दवाखाना दोन खोल्यांचा होता. डॉक्टरसाहेब सकाळी दोन तास येत. उरलेला दिवस तो दवाखाना म्हणजे मी, एक कपाट, एक तपासायचं बाक आणि दाराबाहेरची रांग. भाजलेले हात, चेचलेली बोटं आणि सगळ्यात जास्त म्हणजे डोळे.

डोळ्यांचे रुग्ण दोन प्रकारचे असतात, असं मी शिकायला येणाऱ्या नव्या नर्सला सांगायची. एक, ज्यांचे डोळे येतात. दुसरे, जे डोळे आणतात.

डोळे आले की कारखान्यात सुट्टी मिळायची. चार दिवस, भरपगारी, आणि ती घ्यावीच लागायची, कारण एकाचे आले की आठवड्यात अख्ख्या खात्याचे येतात. एवढी सोपी सुट्टी दुसऱ्या कुठल्याच आजारात नव्हती. मग लोक डोळे आणायला लागले. कुणी कांदा चोळून यायचा, कुणी तंबाखूचं बोट फिरवून. एकाने दोन्ही डोळ्यांत डोकेदुखीचा बाम घातला आणि अंदाज चुकला. अर्धा तास मी त्याचे डोळे पाण्याने धूत होते आणि तो दोन्ही हातांनी बाक धरून आईचा धावा करत होता. त्याला सुट्टी द्यावीच लागली, कारण आता त्याला खरोखरच दिसत नव्हतं. दुसरा एक काळा चष्मा लावून आला आणि काढेचना. "सिस्टरजी, देखने से फैलता है. आपको लग जाएगा." मी म्हटलं, लागू दे, काढ. काढला. आतले डोळे माझ्यापेक्षा स्वच्छ.

आणलेला डोळा ओळखायला मी शिकले होते. बोट पोचतं तेवढीच लाली असते, म्हणजे खाली आणि नाकाच्या बाजूला. बहुधा एकाच डोळ्याला. चिपडं नसतात, पापण्या चिकटलेल्या नसतात, नुसतं पाणी. आणि जवळ गेलं की वास येतो. मी कुणाला काही विचारायच्या आधी नाक पुढे करायची. रांगेतले लोक हसायचे. त्यातून 'दरोगाइन' झाले.

आलेला डोळा वेगळा असतो. आमच्या डॉक्टरसाहेबांनी मला ते फार नीट शिकवलं होतं. बुबुळाच्या भोवती जो पांढरा भाग दिसतो, त्यावर आणि पापणीच्या आतल्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला सूज आली की डोळा लाल होतो, म्हणजे आपण म्हणतो डोळे आले. विषाणूने आले असतील तर पाण्यासारखा स्राव, डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटणं, बरेचदा आधी सर्दी किंवा घसा. त्याला खास औषध नाही. थंड पाण्याची पट्टी, डोळ्याला ओलावा देणारे साधे थेंब आणि धीर. आठवडा-दोन आठवड्यांत ते आपलं आपण जातं. जिवाणूने आले असतील तर पिवळा-हिरवट पू येतो, सकाळी पापण्या उघडत नाहीत. त्याला डॉक्टर जंतुनाशक थेंब देतात. आणि धुळीने, धुराने, फुलांच्या परागांनी येतात ते दोन्ही डोळ्यांना खाजतात. ते एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत.

आणि नुसतं बघून कुणाचेच डोळे कुणाला लागत नाहीत. लागतात ते हाताने. डोळा पुसलेला गमछा, एकाच बादलीत बुचकळलेले हात, एकमेकांची उशी, बायकांच्या काजळाची डबी. हे मी हजारदा सांगितलं असेल. घरी माझ्याच आईने गुलाबपाणी घालायचं सोडलं नाही. शेजारच्या काकू गंगाजल घालायच्या. मध, आईचं दूध, तुरटी, सगळे प्रयोग मी पाहिलेत आणि त्यातून चिघळलेले डोळेही पाहिलेत. उकळून गार केलेलं पाणी आणि स्वच्छ कापूस, एवढंच घरात करावं.

डॉक्टरसाहेबांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. म्हणायचे, "सिस्टर, लाल डोळा बहुतेक वेळा साधा असतो. पण डोळा ठणकत असेल, काही टोचत असेल, उजेड सहन होत नसेल, दिसायला कमी आलं असेल किंवा बुबुळावर पांढरं काही दिसलं, तर ते डोळे येणं नाही असं समजायचं आणि पेशंट माझ्याकडे पाठवायचा. त्याच दिवशी." हे मला पाठ होतं. दवाखान्याच्या भिंतीवर हिंदीत लिहून मीच लावलं होतं.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि डोळ्यांची मोठी साथ आली. पहिल्या आठवड्यात जे आले ते खरेच होते. ओतशाळेचं निम्मं खातं घरी बसलं. दुसऱ्या आठवड्यात अनंत चतुर्दशी झाली आणि गंगेपलीकडे रामनगरची रामलीला सुरू झाली. बाहेरच्यांना सांगायला हवं, ही लीला महिनाभर चालते, रोज संध्याकाळी, आणि काही लोक एकही दिवस न चुकवता जातात. दुपारपाळीवाल्याला ते जमत नाही. तेव्हा दुसऱ्या आठवड्यातली रांग पहिल्या आठवड्यापेक्षा लांब झाली, ती सगळी दुपारपाळीवाल्यांची.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. "सिस्टर, आपल्याशिवाय हे कुणाला आवरणार नाही. चाळणी लावा." मला त्यांनी बसायला खुर्ची दिली होती, चहा दिला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी चाळणी लावली. रोज पाच-सहा जणांना रांगेतूनच परत पाठवायची आणि संध्याकाळी घरी जाताना तो आकडा मनात घोळवत जायची.

शिवपूजन त्यातच आला.

तो ग्राइंडरवर होता. ओतून निघालेल्या लोखंडी भागाच्या कडा घासून साफ करायचं त्याचं काम. चाळिशीचा, बुटका, बोलायला फार मऊ. रामनगरलाच राहायचा. आणि दोन वर्षांपूर्वी लीलेतल्या भरतमिलापाच्या दिवशी त्याने डोळे आणले होते. बाम लावून. मी त्याला सगळ्यांसमोर हुंगलं होतं आणि म्हटलं होतं, डोकं दुखत होतं की डोळा? पुढे कित्येक महिने ग्राइंडरवाले त्याला 'बामवाले भैया' म्हणत होते. तोही हसायचा.

आता तो समोर उभा राहिला तेव्हा उजवा डोळा लाल, पाणी गळतंय, डावा स्वच्छ. पू नाही, चिपडं नाहीत. हात डोळ्यावर धरलेला.

"सिस्टरजी, गड़ रहा है. कुछ चला गया है अंदर."

"आज कौन सी लीला है, शिवपूजन?" मी विचारलं.

त्याने क्षणभर विचार केला. तो खोटं बोलू शकला असता, ठाऊक नाही म्हणू शकला असता. पण तो नेमाने जाणारा माणूस. "आज? आज तो धनुषयज्ञ है," तो म्हणाला.

रांग खो खो हसली. मीही हसले. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "नहीं सिस्टरजी, अबकी सच में है. रोशनी की ओर देखा नहीं जा रहा."

मी पुढे होऊन वास घेतला. कसलाच वास आला नाही. तेव्हा तरी थांबायला हवं होतं. पण मनात आलं, शिकला म्हणायचा, या वेळी बाम नाही लावला. मागे अजून पंधरा-वीस जण उभे होते. मी चिठ्ठीवर लिहिलं, डोळा ठीक आहे, कामावर जावे. रजिस्टरमध्येही तेच लिहिलं. पुढचा माणूस बोलावला.

डोळ्यात काही गेलं असेल तर काय करायचं हे कुठल्याही नर्सला पहिल्या वर्षी शिकवतात. माणसाला खाली बघायला सांगायचं, वरच्या पापणीचे केस धरायचे, कापसाची काडी मधोमध टेकवून पापणी उलटायची आणि बॅटरी मारून बघायचं. कण बहुधा तिथेच चिकटलेला असतो. अर्धा मिनिट लागतं. मी ते शेकडो वेळा केलं होतं, ग्राइंडरवाल्यांसाठी तर आठवड्याला दोनदा. दमट हवेत त्यांच्या गॉगलवर वाफ धरते, दिसत नाही म्हणून ते गॉगल कपाळावर चढवतात आणि कण उडतो. हे सगळं मला माहीत होतं. त्या दिवशी शिवपूजनने मला टोचतंय म्हणून सांगितलं, उजेड सोसत नाही म्हणून सांगितलं. माझ्याच अक्षरात भिंतीवर लिहिलेलं तो मला सांगत होता. पण त्या महिन्यात मी आजार शोधतच नव्हते. मी खोटं शोधत होते.

दोन दिवसांनी तो गेटवर भेटला. डोळ्याची लाली जवळजवळ गेली होती. "दुकान से दवाई ले ली थी सिस्टरजी. लाली चली गई. थोड़ा गड़ता है अभी."

मी त्याला बोट दाखवून म्हटलं, "देखा, मैंने कहा नहीं था?"

त्याने कसले थेंब घेतले होते ते मी विचारलं नाही. पुढे कळलं. औषधाच्या दुकानांतून चिठ्ठीशिवाय जे झटपट लाली घालवणारे थेंब मिळतात, त्यातले होते, स्टिरॉइडचे. ते लाली घालवतात, म्हणून लोकांना वाटतं डोळा बरा झाला. आत जखम असेल तर मात्र तेच थेंब जंतूंना रान मोकळं करून देतात. डॉक्टरने तपासल्याशिवाय ते डोळ्याला लावायचे नसतात.

नवव्या दिवशी दोन साथीदार त्याला धरून घेऊन आले. डोळा मिटलेला, गाल सुजलेला. मी पापणी उघडली तेव्हा बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग होता. मी रांगेकडे न बघता त्याला हाताला धरून डॉक्टरसाहेबांच्या टेबलाशी नेलं. त्यांनी बघितलं आणि लगेच गाडी मागवली. मोठ्या इस्पितळात वरच्या पापणीखाली लोखंडाचा कण सापडला, मोहरीपेक्षाही लहान. पापणी मिटली की तो बुबुळावर घासत होता. जखम झाली, ती पिकली. महिनाभर तासातासाला थेंब घालून जखम भरली, पण डोळ्यात फूल पडलं. उजव्या डोळ्याने त्याला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं.

त्यानंतर जे झालं ते सांगायला मला जास्त जड जातं.

एका डोळ्याने ग्राइंडर चालवता येत नाही. कारखान्याचा नियम असा होता की कामावर इजा झाली असेल तर माणसाला दुसरं काम द्यायचं. इजा बाहेरची असेल, तर त्याला निरोप द्यायचा. मॅनेजरसाहेबांनी माझं रजिस्टर मागवलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, डोळा ठीक आहे. म्हणजे त्या दिवशी इजा नव्हती. पुढे त्याने स्वतःच कसलेतरी थेंब घातले आणि डोळा घालवला. कागदावर सगळं नीट बसत होतं.

मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं की मी पापणी उलटून बघितलं नव्हतं. ते म्हणाले, "सिस्टर, तुमची नोकरीची चार वर्षं राहिलीत. कुणी विचारलं नाही ना? मग कशाला ओढवून घेता?"

ते वाईट माणूस नव्हते. माझ्याच भल्याचं बोलत होते. आणि मी ते ऐकलं. अकरा दिवस मी गप्प बसले. नीट झोपत होते, जेवत होते, कामावर जात होते. हे लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी फार तळमळत होते.

बाराव्या दिवशी रविवार होता. दुपारी दारात एक बाई उभी. विचारत विचारत गल्ल्यांतून आली होती. शिवपूजनची बायको, सुमन. आईने तिला पाणी आणि गूळ दिला. ती पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक बात पूछनी थी. उस दिन आपने उनकी आँख खोलकर देखी थी कि नहीं?"

मला वाटलं ती भांडायला आली आहे. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "नहीं."

ती म्हणाली, "वो भी यही कहते हैं. हम नहीं माने. हमने कहा, सिस्टरजी हैं, देखा तो होगा ही. उन्होंने कहा है ठीक है, तो ठीक है. घर बैठने का बहाना मत बनाइए."

आठ दिवस तो घरी सांगत होता की डोळा ठणकतोय. आणि आठ दिवस ती त्याला डबा भरून देत होती आणि कामावर ढकलत होती. एकदा म्हणे रात्रपाळीहून आलेल्या शेजाऱ्यासमोर तिने त्याला 'बामवाले' म्हटलं होतं.

"हमने भी नहीं देखी खोलकर," ती म्हणाली. एवढं बोलून ती उठली. जिन्यापर्यंत मी सोबत गेले. तिने मला नमस्कार केला. रीत म्हणून केला, पण केला.

माझी आई दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. आईचं मराठी काशीचं, निम्मं हिंदी. ती म्हणाली, "बाळ, उद्या जाऊन लिहून दे. आणखी कोणी पूछायची वाट नको बघू."

सोमवारी मी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. रुग्णाने कण गेल्याचं सांगितलं होतं, मी डोळा तपासला नाही, रजिस्टरमधली नोंद तपासणी न करता केली आहे. खाली सही. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "हे मागे घ्यायचं असेल तर अजून घेता येईल." मी नाही म्हटलं. या वेळी खुर्ची नव्हती, उभ्यानेच सगळं झालं.

शिवपूजनला स्टोअरच्या दरवाजावर बसवलं. आलेला-गेलेला माल बघायचा. मला ताकीदपत्र मिळालं, ते फाइलला लागलं. डॉक्टरसाहेब त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलायचे. माझ्या कागदात त्यांचं नाव कुठेच नव्हतं, पण दवाखाना त्यांचाही होता. ते मी समजू शकते.

मी लाल डोळ्याच्या प्रत्येक माणसाची पापणी उलटून बघायला लागले. आणणाऱ्यांचीही. काही जणांना माझा नवा स्वभाव कळला आणि त्यांनी त्याचा फायदा घेतला. लीलेच्या महिन्यात मी कितीतरी खोट्या डोळ्यांना सुट्टी दिली असेल. मॅनेजरसाहेब एकदा म्हणाले, सिस्टर, चाळणीला भोकं पडली. मी म्हटलं, पडू देत. 'दरोगाइन' हे नाव हळूहळू गेलं. दुसरं काही पडलं नाही.

शिवपूजनशी माझं बोलणं असं कधी झालंच नाही. मी माफी मागायला दोनदा स्टोअरपर्यंत गेले. पहिल्यांदा तिथे चार माणसं होती. दुसऱ्यांदा तो एकटाच होता, तरी मी कापसाच्या गठ्ठ्यांची चौकशी करून परत आले. तो गेटवर दिसला की "प्रणाम सिस्टरजी" म्हणायचा. मान जरा उजवीकडे वळवून, चांगल्या डोळ्याने बघत.

निवृत्तीला दोन महिने असताना तो दवाखान्यात आला. त्या घटनेनंतर पहिल्यांदाच. रांग नव्हती. तो आत येऊन बाकावर बसला आणि डोळ्यावरचा गमछा काढला. डावा डोळा लाल. तो एकच डोळा उरलेला.

मी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. त्याला खाली बघायला सांगितलं, वरची पापणी उलटली, खालची ओढली, बॅटरी सगळीकडून मारली. बुबुळ आरशासारखं स्वच्छ. कण नाही, डाग नाही. पाणी आणि थोडी चिपडं. टोचतंय? नाही, किरकिरतंय. दुखतंय? नाही. उजेड? चालतो. समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. त्याने सगळी वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. नातवाला सर्दी झाली होती आणि तो त्याच्याजवळ झोपत होता. तरीही मी डॉक्टरसाहेबांना बोलावून दाखवलं. तेही म्हणाले, साधे आलेत.

"आँख आई है," मी त्याला म्हटलं. "सादी है. हफ़्ते-दस दिन में चली जाएगी. गमछा अलग रखना, बच्चे को दूर रखना. दुकान से कुछ मत लेना."

त्याने मान हलवली. मी सुट्टीची चिठ्ठी लिहून दिली. ती त्याने चांगल्या डोळ्याजवळ धरून वाचली आणि परत माझ्यापुढे ठेवली.

"सिस्टरजी, इसमें ये भी लिख दीजिए कि आपने पलक उलटकर देखा है. और डॉक्टर साहब ने भी."

मला वाटलं, स्टोअरच्या साहेबाला दाखवायला हवी असेल. मी तसं विचारलं.

"नहीं," तो म्हणाला. "घर के लिए. उसको अब मेरी हर बात पर रोना आ जाता है. मैं कहूँगा कुछ नहीं है, तो मानेगी नहीं."

मी लिहिलं. पापणी उलटून तपासली, कण नाही, बुबुळ स्वच्छ. खाली माझी सही, शेजारी डॉक्टरसाहेबांची, तारीख, वेळ. त्याने कागदाची घडी घातली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि घरी गेला.